हँडब्रेक वर वर येतोय? केबल आवळण्याआधी चाक उघडून बघा

आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना छोटासा चढ आहे. मागच्या पावसाळ्यात तिथं गाडी उभी करून मी डिकीतून पिशव्या काढायला मागे गेले. दोन पिशव्या खाली ठेवल्या, तिसरीला हात घातला आणि गाडी माझ्या अंगावर सरकायला लागली. हँडब्रेक ओढलेला होता, गिअर न्यूट्रलला होता. समोरच्या काकांनी फाटकाजवळची सिमेंटची कुंडी पायानं चाकामागे लोटली म्हणून गाडी थांबली. कुंडी फुटली, पण माझे पाय वाचले.

याच गाडीचा हँडब्रेक दोन महिन्यांपूर्वी मी एका गॅरेजमध्ये ‘टाइट’ करून आणला होता. नंतर चाक उघडल्यावर सगळा उलगडा झाला. डाव्या चाकाचे लायनर, म्हणजे ब्रेकमधला घासून चाक थांबवणारा थर, जवळपास संपलेले होते, आणि लिव्हरखालचा नट आटे संपेपर्यंत आवळलेला होता. त्या कारागिरानं वरचा नट फिरवून लिव्हर घट्ट करून दिला, चाकाकडे पाहिलंच नाही. तेव्हापासून हे काम मी स्वतः शिकले. नव्यानं शिकणाऱ्यांसाठी ते सगळं क्रमानं लिहितेय.

हे कोणत्या गाड्यांसाठी

ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय टेन अशा गाड्यांच्या बहुतेक मॉडेलमध्ये दोन सीटच्या मध्ये हातानं ओढायचा लिव्हर असतो आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आतून लागणारे ब्रेक, असतात. इथं मी त्यांच्याबद्दलच लिहितेय. बटण दाबून लागणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागचं चाक उघडायला जाऊ नका. त्याच्या मोटरला आधी स्कॅनर लावून किंवा कंपनीनं ठरवलेल्या पद्धतीनं सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. मागे डिस्क असलेल्या गाड्यांची रचनाही वेगळी असते. ट्रक आणि एसटीचा प्रकार तर अगदी उलटा आहे: तिथं जाड स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवेचा दाब तो सोडतो. ती स्प्रिंग ज्या डब्यात असते, त्याला अनुभवी माणसाशिवाय कुणीही हात लावू नये.

आत काय घडतं

लिव्हर ओढला की खालची तार ताणली जाते. पुढे तिच्या दोन केबल होतात, एक डाव्या मागच्या चाकाकडे, एक उजव्या. दोन्हीकडे ताण सारखा जावा म्हणून मध्ये एक पट्टी असते. ड्रमच्या आत केबलचं टोक एका छोट्या आडव्या दांड्याला अडकवलेलं असतं. तो दांडा ओढला गेला की दोन्ही ब्रेक शू (कमानीसारख्या लोखंडी पट्ट्या) फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर ड्रमला आतून चिकटतात.

शू तेच असतात, जे पायाचा ब्रेक वापरतो. पाय दाबला की ऑइलच्या दाबानं फाकतात, हात ओढला की तारेनं. त्यामुळे लायनर झिजून शू आणि ड्रममधली फट वाढली की लिव्हर जास्त वर येतो. ही फट कमी ठेवायला आत एक ॲडजस्टर असतो. काही गाड्यांत तो दातेरी चक्रीचा असतो, काहींत दातेरी पट्टीचा. तो चालू असेल तर झीज आपोआप भरून काढतो.

आता केबल आवळण्यानं काय बिघडतं ते बघा. फट तशीच ठेवून वरचा नट आवळला तर ड्रमच्या आतला दांडा लिव्हर खाली असतानाही अर्धवट ओढलेला राहतो. दांडा पूर्ण मागे आला नाही की ॲडजस्टरला पुढचा दात घेता येत नाही. म्हणजे फट आपोआप भरणारी सोयच तुम्ही बंद पाडलीत. झीज वाढत जाते, महिन्याभरात लिव्हर पुन्हा वर येतो आणि गॅरेजवाला पुन्हा नट आवळतो. एक दिवस आटे संपतात. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं.

पहिली पायरी: खटके मोजा

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, ब्रेक पेडल दोन-तीन वेळा दाबून सोडा. मग लिव्हरच्या टोकाचं बटण न दाबता, रोजच्याच जोरानं लिव्हर ओढा. प्रत्येक दात ओलांडताना ‘कट्ट’ असा आवाज येतो, तो मोजा. लहान गाड्यांत साधारण ५ ते ८ खटक्यांत ब्रेक पक्का लागायला हवा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो आणि तोच धरायचा. १० किंवा १२ खटके लागत असतील तर काम करायची वेळ झालीय. दोन-तीनच खटक्यांत लिव्हर दगडासारखा होत असेल तर कुणीतरी केबल जास्त आवळलेली आहे, आणि तेही तितकंच वाईट.

लिव्हर वर जाऊन तिथं टिकत नसेल, थोडा धक्का लागताच खाली पडत असेल, तर दाते झिजलेत. तिथं ॲडजस्ट करण्यासारखं काही नसतं, लिव्हरचा पूर्ण जोड बदलायचा. लिव्हर जड चालतोय आणि सोडल्यावर सैल पडून राहतोय, तर केबल आतून गंजलीय. तिचा वेगळा इलाज पुढे सांगते.

दुसरी पायरी: गाडी उचलण्याआधी

सामान साधंच आहे: जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाचा पाना, १० आणि १२ नंबरचे पाने, खोल सॉकेट, पेचकस, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा कॅन, मास्क, टॉर्च. गाडीसोबत आलेला कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. स्टँड नसेल तर हे काम त्या दिवशी करूच नका.

मागची चाकं उचलायची आहेत, म्हणून हँडब्रेक सोडलेला राहणार. मग गाडी धरणार कोण? वर नावं घेतलेल्या गाड्यांचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये टाकली की पुढची चाकं गिअर धरतो. शिवाय पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे किंवा चांगले मोठे दगड लावा. ईको, बोलेरो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मात्र गिअरचा काही उपयोग होत नाही. मागचं एक चाक उचललं की ते मोकळं फिरतं आणि गिअर दुसऱ्या चाकालाही धरत नाही. तिथं सगळी मदार ठोकळ्यांवर असते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावायच्या ठरलेल्या खाचेखाली जॅक लावून एक बाजू उचला, स्टँड ठेवा, दुसरी बाजू उचला, स्टँड ठेवा. गाडीला हातानं हलका धक्का देऊन बघा. डुलली तर खाली घ्या आणि पुन्हा बसवा.

तिसरी पायरी: चाक काय सांगतं ते ऐका

लिव्हर पूर्ण खाली ठेवून मागची दोन्ही चाकं हातानं फिरवा. हलकासा ‘सर्रर्र’ असा घासल्याचा आवाज चालतो. चाक जड जात असेल तर ब्रेक आधीच धरून बसलाय. आता कुणाला तरी लिव्हर एकेक खटका ओढायला सांगा आणि प्रत्येक खटक्याला दोन्ही चाकं फिरवून बघा. दोन्ही बरोबरीनं जड होत गेली तर केबल ठीक आहेत आणि फक्त फट वाढलीय. एक चाक थांबलं आणि दुसरं मोकळं फिरतंय, तर त्या बाजूची केबल अडकलीय, ॲडजस्टर जाम झालाय किंवा लायनरवर तेल आलंय.

ही पाच मिनिटं वाचवू नका. याच पाच मिनिटांत कळतं की पुढे काय उघडायचं आणि काय सुटं करायची गरजच नाही.

चौथी पायरी: ड्रम उघडणं

आधी लिव्हरजवळचा केबलचा नट पूर्ण सैल करा. बरेच लोक हे विसरतात आणि मग ताणलेल्या केबलवरच शू बसवत राहतात.

नट काही गाड्यांत लिव्हरच्या कव्हरखाली सापडतो, काहींत मधला कन्सोल काढावा लागतो, काहींत गाडीखाली जावं लागतं.

चाक काढल्यावर ड्रम दिसेल. काही गाड्यांत तो नुसता बाहेर ओढला की निघतो. ऑल्टोसारख्या काही गाड्यांत मात्र चाकाचं बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असतं आणि मधली टोपी, पिन आणि मोठा नट काढावा लागतो. तो नट परत नेमक्या ताकदीनं आवळावा लागतो, नाहीतर बेअरिंग बिघडतं. तुमची गाडी अशी असेल तर पहिल्यांदा हे काम जाणत्या मेकॅनिकसमोर उभं राहूनच करून घ्या.

ड्रम निघत नसेल तर हातोडीचे घाव घालू नका. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीनं अर्धा अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. पावसाळ्यानंतर गंजानं घट्ट बसलेला ड्रम असा सुटताना ‘टण्ण’ असा आवाज होतो. पहिल्या वेळी मी दचकले होते.

आता मास्क लावा. ड्रममध्ये काळी भुकटी साचलेली असते. ती तोंडानं फुंकायची नाही, हवेच्या पाइपनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसात गेली तर तिथंच राहते. ब्रेक क्लीनर मारून ओली करा, फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गल्लोगल्लीच्या गॅरेजमध्ये बारा-चौदा वर्षांची पोरं हीच भुकटी हवेच्या पाइपनं उडवताना दिसतात, तेव्हा जीव तुटतो. तुमची गाडी तिथं असेल तर निदान ओल्या फडक्यानं पुसायला सांगा.

पुसून झालं की टॉर्च मारून बघा.

लायनर: शूच्या लोखंडी पट्टीवर लायनरची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदला. डावे-उजवे चारही शू एकाच वेळी बदलायचे, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. लायनर तेलकट झाला असेल तर तो पेट्रोलनं धुऊन परत लावू नका. त्यात मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं. तेल कुठून आलं ते शोधा, बहुधा व्हील सिलिंडरची (ऑइलच्या दाबानं शू फाकवणाऱ्या नळकांड्याची) रबरी सील गळत असते, ती बदला आणि मगच नवे लायनर लावा. लायनर नुसता गुळगुळीत, चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरनं हलका घासून चालतो.

ड्रम: आतल्या बाजूला नख फिरवा. खोल चर लागत असतील किंवा काठाला उंच कड तयार झाली असेल तर माप घ्यायला हवं. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम वापरायचा नाही.

ॲडजस्टर आणि दांडा: चक्री बोटानं फिरते का, दांडा ओढून सोडल्यावर झटकन मागे येतो का, ते बघा. गंजलेले आटे साफ करून ब्रेकसाठी मिळणारं खास ग्रीस अगदी माखण्यापुरतं लावा, लायनरला त्याचा स्पर्श होता कामा नये.

ड्रम बाहेर असताना कुणालाही ब्रेक पेडल दाबू देऊ नका. सिलिंडरमधले दट्टे सरळ बाहेर येतात, ब्रेक ऑइल सांडतं आणि तासाभराचं काम दिवसभराचं होतं.

पाचवी पायरी: आधी फट, मग केबल

चक्रीचा ॲडजस्टर असेल तर ती एकेक दात फिरवत ड्रम चढवून बघा. ड्रम हातानं चढतोय पण फिरवताना किंचित घासतोय, तिथं थांबा. पट्टीचा ॲडजस्टर असेल तर ड्रम बसवा. मग दोन्ही प्रकारांत, दोन्ही बाजूंचे ड्रम पक्के बसवल्यावर आणि चाकं लावल्यावर, पेडल दहा-बारा वेळा जोरानं दाबा. पट्टीच्या प्रकारात शू आपली जागा याच वेळी घेतात, आणि आत ‘टिक टिक’ असा आवाज ऐकू येतो. आवाज थांबला की फट भरली.

आता केबल. लिव्हर तीन-चार वेळा वर-खाली करा म्हणजे केबल नीट बसेल. लिव्हर पूर्ण खाली ठेवा. केबलचा आट्यांचा दांडा एका पान्यानं धरून ठेवा, तो फिरू देऊ नका. दुसऱ्या पान्यानं नट अर्धा फेरा आवळा, खटके मोजा. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा मोजा. पुस्तकातला आकडा आला की थांबा. तिथं आणखी एक फेरा मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा.

लिव्हर खाली करून दोन्ही चाकं फिरवा. दोन्ही मोकळी फिरायला हवीत. एकही जड वाटलं तर नट मागे घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही तपासा: पहिल्या खटक्याला लागला पाहिजे आणि लिव्हर पूर्ण खाली गेल्यावर विझला पाहिजे. लिव्हर खाली असूनही तो जळत असेल तर लगेच बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत दोन्हींना एकच दिवा असतो. ऑइल कमी झालं असेल तर कुठं तरी गळती आहे किंवा लायनर-पॅड संपत आलेत.

गाडी खाली घ्या आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानं पक्के आवळा.

तपासणी

रिकाम्या सपाट जागी, माणूस चालतो त्या वेगानं जा. बटण दाबून ठेवून लिव्हर हळू ओढा. गाडी सरळ रेषेत थांबायला हवी. यापेक्षा जास्त वेगात हा प्रयोग करायचा नाही, मागची चाकं घसरतात. मग हलक्या चढावर इंजिन चालू ठेवून, पाय ब्रेकवर तयार ठेवून, हँडब्रेक ओढून न्यूट्रल करा आणि पाय हळूच उचला. चढाला तोंड करून एकदा, उताराला तोंड करून एकदा.

त्यानंतर १०-१५ किलोमीटर चालवून या आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या, हात लावू नका. एका बाजूची धग जास्त असेल किंवा जळका वास येत असेल तर तिथला ब्रेक धरतोय.

केबल आणि पावसाळा

केबलच्या बाहेरच्या रबरी वेष्टनाला चीर पडली की पाणी आत जातं आणि तार गंजते. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं. अशा केबलमध्ये तेल ओतून ती चार दिवस चालते, पण बऱ्याच केबलना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं आणि तेलात धूळ चिकटून ती पुन्हा जाम होते. गंजलेली केबल बदलून टाका.

पावसात गाडी चार-आठ दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली की ओले लायनर ड्रमला गंजानं चिकटतात. मग गाडी निघताना मागून ओढल्यासारखी वाटते. ॲक्सिलरेटर दाबून फरफटत नेऊ नका, लायनर शूवरून सुटून येऊ शकतो. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये हलकेच पुढे-मागे डुलवा. नाही सुटली तर चाक काढून ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीनं टकटक करा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवा. गाडी धुतल्यावर किंवा साचलेल्या पाण्यातून आल्यावर थोडं अंतर हळू चालवत पायाचा ब्रेक हलका दाबा, ड्रम वाळू द्या, मग उभी करा.

घाटात उभी करताना

खंबाटकी किंवा ताम्हिणीत फोटो काढायला थांबलेल्या गाड्या बघते तेव्हा मी आधी त्यांची चाकं बघते. हँडब्रेक मागची चाकं धरतो, गिअर पुढची. दोन्ही लावले तर चारही चाकं धरलेली असतात, म्हणून चढाला तोंड असेल तर पहिला आणि उताराला तोंड असेल तर रिव्हर्स टाका. आधी पायाचा ब्रेक दाबून ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, पाय सोडून गाडी त्यावर बसू द्यायची, मग इंजिन बंद करून गिअर. निघताना उलट क्रम. उताराला तोंड असेल तर पुढची चाकं डावीकडे, डोंगराच्या किंवा कठड्याच्या बाजूला वळवून ठेवा. चढाला तोंड असून डावीकडे फुटपाथची कड असेल तर उजवीकडे वळवा, म्हणजे गाडी सरकली तरी चाक कडेला अडतं. कड नसेल तर डावीकडेच. पण डावीकडे दरी असेल तर तिथं उभंच राहू नका.

घाट उतरून लगेच थांबलात आणि मागे डिस्क ब्रेक असतील तर आणखी एक काळजी घ्या: तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल होते. अशा वेळी नुसत्या हँडब्रेकवर गाडी सोडू नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालक जागेवर नसताना सार्वजनिक जागी उभी केलेली गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करणं ही चालकाची जबाबदारी आहे. अपघात झाल्यावर ‘हँडब्रेक ओढला होता’ एवढं सांगून भागत नाही.

माझ्या गाडीच्या सनशेडमागे एक चिठ्ठी आहे. तिच्यावर दर सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर आणि खटके लिहिलेले आहेत. शेवटची नोंद ६ खटक्यांची आहे. ८ झाले की मी चाक उघडते.